पावम या शब्दाचा अर्थ

तमिळ मी हौसेनं शिकले नाही, संशयानं शिकले. सून रोज संध्याकाळी कोईमतूरला तिच्या आईशी फोनवर बोलायची. अर्धा तास ठरलेला. त्या अर्ध्या तासात मधूनच ‘मामियार’ असा शब्द यायचा. मामियार म्हणजे सासू, एवढं मला लग्नातच कळलं होतं. पण मामियारच्या पुढं काय, ते कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते आपल्या विरोधातच असतं असा माझा स्वभाव आहे.

काष्टीच्या शाळेत मी एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. यजमान गेल्यावर मुलानं मला कोपरगावला आणलं. तो साखर कारखान्यात केमिस्ट, राहायला कारखान्याच्या कॉलनीत. आणताना म्हणाला होता, “सध्या राहा आमच्याकडं.” हा ‘सध्या’ माझ्या घशात अडकून बसला. सध्या म्हणजे कधीपर्यंत? काष्टीचं घर कुलूप लावून ठेवलेलं होतं, विकलेलं नव्हतं. मला तिथं एकटीनं परत जायचं नव्हतं. नात पाच वर्षांची होती, रात्री माझ्या अंथरुणात येऊन माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. तेवढ्यासाठी मी त्या घरात पडेल ते सहन करायला तयार होते. म्हणजे तशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी काहीच सहन केलं नाही.

सून इंग्रजी शाळेत गणित शिकवायची. मराठी तिनं सहा-सात वर्षांत बऱ्यापैकी उचललं होतं, पण भाकरीला ती ‘बाकरी’ म्हणायची आणि ‘माझी डोकं दुखते’ म्हणायची. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. शेजारीण तर इथलीच, ती ‘आमी’, ‘तुमी’ म्हणायची, तिला मात्र मी कधी टोकलं नाही. हा पक्षपात होता. तेव्हाही मला तो कळत होता.

तर मी शंभर पानी वही आणली, मोबाईलवर तमिळ शब्दकोश उतरवून घेतला आणि सुरुवात केली. पहिल्याच पानावर डोकं फिरलं. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात. म्हणजे सून सकाळी सकाळी नातीला “पाल, पाल” म्हणत मागं धावायची आणि मी भिंतीकडं बघायचे, तेव्हा ती दुधाचा पेला घेऊन धावत होती. ‘वांगा’ म्हणजे या. लग्नात तिचे सगळे काका-मामा दारात उभे राहून आम्हाला “वांगा, वांगा” म्हणत होते आणि आमच्याकडचे लोक जेवणात वांग्याची भाजी शोधत बसले होते. ‘साप्टिया’ म्हणजे जेवलास का. यात साप कुठून आला ते त्यांनाच ठाऊक. तण्णी म्हणजे पाणी, इल्ले म्हणजे नाही, पाट्टी म्हणजे आजी. ‘कोलम’ म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आमच्याकडं कोलम हा तांदूळ, आणि तो शिजवून खातात, उंबऱ्यासमोर सांडत नाहीत.

शेजारीणही एकदा म्हणाली, “बाई, तुमची सून रोज पीठ का वं सांडती दारात? मुंग्या लई झाल्यात.”

“त्यांच्यात मुंग्यांना जेवायला घालतात,” मी म्हणाले. उत्तर खरं होतं, सुनेनंच मला ते सांगितलं होतं. पण मी असं काही तोंड करून सांगितलं की शेजारीण फिदीफिदी हसली. सून आत कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं.

सणांचं तर मी युद्धच करून टाकलं. नवरात्रात मी घट बसवला, त्याच कोपऱ्यात तिला कोलू मांडायचा होता. कोलू म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून तिच्यावर बाहुल्या ठेवायच्या, देवांच्या, राजा-राणीच्या, भाजीवालीच्यासुद्धा. मी म्हणाले, देवीच्या डोक्यावर भाजीवाली बसलेली मला चालायची नाही. तिनं मुकाट्यानं कोलू बैठकीत मांडला. कॉलनीतल्या बायका नऊ दिवस बाहुल्या बघायला येत राहिल्या. ती त्यांना सुंडल द्यायची, म्हणजे आपली हरभऱ्याची उसळच, वरून खोबरं. “लई झ्याक झालीया उसळ,” शेजारीण बोटं चाटत म्हणाली. माझ्या घटाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला इतका राग आला की मी नऊ दिवस सुंडलला हात लावला नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला तिनं घरभर पणत्या लावल्या. आमच्याकडंही त्रिपुरी पौर्णिमेला लावतात. मी म्हणाले, “दिवाळी संपली की तुमची, अजून किती तेल जाळायचं?” मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्या आठवड्यात त्याचं माझ्याशी बोलणंच कमी झालं. मी ठरवून टाकलं की हे तिचं काम. ती रोज कानाशी लागत असणार. आपल्याला काष्टीला पाठवायचं चाललंय, आणि ते तमिळमध्ये चाललंय.

मग भोगीचा दिवस आला. आमची भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि सगळ्या शेंगभाज्या घालून केलेली मिसळीची भाजी. त्यांचीही त्याच दिवशी भोगी, पण ते घरातलं जुनंपानं पहाटे दाराशी जाळतात. तिनं एक फाटकी चटई, झिजलेला झाडू आणि एक गोणपाट जाळलं. गोणपाट माझं होतं, मी पाय पुसायला ठेवलेलं. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं आणि मी ‘जाळ’ म्हणाले होते. तरी ते जळताना बघून मला वाटलं, आज गोणपाट, उद्या मी.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. मी देवापाशी वाती वळत बसले होते. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. तिनं मुलाचं नाव घेतलं, मग ‘काष्टी’ म्हणाली. माझे हात थांबले. मग ती म्हणाली, “एन मामियार पावम्मा.” थोड्या वेळानं पुन्हा, “पावम.”

माझ्या वहीत हा शब्द नव्हता. पण मी काही नुसती वहीवर अवलंबून राहणारी बाई नाही. दीपचा दिवा होतो, कूपचा कुवा होतो, मधल्या ‘प’चा ‘व’ होतो, हे मी शाळेत शिकलेली आहे. मग पापाचं काय होणार? पावम. खात्री करावी म्हणून मोबाईल उघडला. शब्दकोशात पहिलाच अर्थ होता: पाप. आपला तर्क बरोबर आल्याचा मला क्षणभर आनंदसुद्धा झाला. मग अंगाचा तिळपापड झाला. सासू म्हणजे पाप. तिच्या घरातलं पाप. ते काष्टीला धाडायचं. रात्रभर मी कूस बदलत राहिले, आणि झोपलेल्या नातीच्या मुठीतून पदर सोडवून घेतला. त्या लेकराचा काय दोष होता? पण त्या रात्री मला कुणाचाच विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि त्यांचा पोंगल. गाळप जोरात होतं, मुलगा पहाटेच पाळीवर गेला. सुनेनं अंगणात तीन विटांची चूल मांडली, दोन्ही बाजूंना ऊस उभे केले. पितळी पातेल्याच्या गळ्याला हळकुंड बांधलं. पोंगल म्हणजे उतू जाणं. दूध उकळून पातेल्याच्या काठावरून चुलीत सांडलं की वर्ष भरभराटीचं जातं, मग त्यात नवे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ घालायचा. दूध सांडताना सगळ्यांनी “पोंगलो पोंगल” म्हणून ओरडायचं. नात स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन तयार उभी होती. तिची कोईमतूरची पाट्टी मोबाईलच्या पडद्यावर होती. मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता. पाट्टीची नवी साडी, डोक्यात गजरा.

दूध वर यायला लागलं. पांढरी साय फुगली, काठाशी आली. नातीनं चमचा उचलला.

मी हातातला तांब्या त्यात ओतला. गार पाणी. दूध खाली बसलं.

“सणाच्या दिवशी दूध मातीत घालता? असली थेरं माझ्यासमोर नकोत,” मी ओरडले. रथसप्तमीला मी स्वतः अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवत आलेली आहे, आयुष्यभर. ते मला त्या क्षणी आठवलंसुद्धा. तरी मी थांबले नाही. “आणि पावम कोण गं? मी पावम? कळतं मला सगळं! मी पाप आहे काय तुझ्या घरातलं? या घरात यापुढं तमिळ बोलायचं नाही. पोरीशी तर अजिबात नाही. माझ्या मुलाचं घर आहे हे, इथं मराठी चालेल.”

सुनेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पडद्यावरच्या बाईला पातेलं दिसत नव्हतं, मराठी कळत नव्हतं. ती हसून विचारत होती, “पाल पोंगिच्चा? पाल पोंगिच्चा?” दूध उतू गेलं का?

नात ताटली छातीशी धरून म्हणाली, “इल्ले, पाट्टी.”

सुनेनं जाऊन फोन बंद केला.

माझं ऐकलं गेलं, अगदी अक्षरशः. दुसऱ्या दिवसापासून सून लेकीशी मराठीत बोलायला लागली. ‘दूध पी’, ‘दात घास’, ‘झोप आता’. शाळेतल्यासारखं. आधी ती आंघोळ घालताना लेकीला काहीबाही गाऊन हसवायची, ते बंद झालं. आईचा फोन आला की उठून कॉलनीच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथं उभी राहून बोलायची. मुलाला काय सांगितलं ठाऊक नाही. तो माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा आणि जेवून उठायचा. मी जिंकले होते आणि घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. नात माझ्या अंथरुणात यायची, पण तिलाही बोलायच्या आधी दोन क्षण थांबायची सवय लागली. कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे ती मनातल्या मनात तपासून घ्यायची. एकतीस वर्षं मुलांना बोलतं करणाऱ्या बाईनं आपल्या नातीला ही सवय लावली. याची मला लाज वाटते. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगत होते, तिचं मराठी सुधारतंय.

तीनेक आठवडे असे गेले. एका दुपारी नातीला घेऊन मी फाटकाशी उभी होते. उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती. एका ट्रॉलीखालून कुत्र्याचं पिल्लू बाहेर आलं, मागचा पाय ओढत, केकाटत. नात चटकन म्हणाली, “अय्यो, पावम!” आणि लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी म्हणाले, “काय म्हणालीस?”

“काही नाही. चुकून आलं.”

“रागवत नाही मी. पावम म्हणजे काय?”

तिनं पिल्लाकडं बोट दाखवलं. “पावम म्हणजे… त्याची आई नाहीये ना इथं. ज्याला कुणी नाही आणि त्याला लागलंय, त्याला पावम म्हणतात.”

बिचारं. पाप नव्हे, बिचारं. व्युत्पत्ती माझी बरोबर होती, शब्दकोशही बरोबर होता, फक्त घरोघरी बोलणारी माणसं तो शब्द वेगळा वापरत होती. हे मी शेजारच्या घरात नाही, माझ्याच घरात विचारू शकले असते. पहिला राग मला आला तो याचाच की मला बिचारी म्हणाली. पापी म्हटलेलं एक वेळ परवडलं असतं. मग फाटकापासून घरापर्यंत चालताना तो राग कुठंतरी गळून गेला आणि दुसरंच काही आत उरलं. मला भीती वाटत होती.

सून स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. मी दारातच विचारलं, “भोगीच्या दिवशी फोनवर आईला काय सांगत होतीस? काष्टीचं काहीतरी.”

तिनं मान वर केली नाही. “हे म्हणत होते, काष्टीचं घर नीट करून देऊ, आई तिथं राहील. इथं रोज कटकट होते म्हणून. मी नको म्हणत होते. माझ्या आईला तेच सांगत होते. एकट्या कशा राहतील, बिचाऱ्या. पोरगी पण सोडत नाही त्यांना.”

मी विचारलं, “मग आता?”

तिनं एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले.

“तेव्हा मी नको म्हणत होते, आई,” ती म्हणाली. “आता नाही म्हणत.”

पाडव्याच्या आधी मी काष्टीला आले.