एकोडीच्या खळ्यावर हरिबुवा

लाखनीहून परतलेला मधुकर चपला काढता काढता दारातूनच म्हणाला, "ऐकलं का? हरिबुवा एकोडीले गाऊन राहिले. येत्या रविवारी. माइक नाही, मंडप नाही. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून."

मी कणीक मळत होते, तशाच माखल्या हातांनी मागच्या अंगणात गेले आणि भिंतीपलीकडच्या जोशीमावशींना हाक मारली.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही भंडाऱ्याजवळ, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मधुकर त्या कारखान्यात नोकरीला. तो मूळचा लाखनीचा, मी नाशिककडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या गावात मला पहिली मैत्रीण मिळाली ती पन्नाशी ओलांडलेल्या मावशी, आणि ती मैत्री जुळली हरिबुवांमुळे. रेडिओवर बुवांचं गाणं लागलं की त्यांच्याकडचा आणि आमच्याकडचा आवाज एकदमच वाढायचा. भिंतीच्या दोन बाजूंना दोघी गप्प उभ्या. गाणं संपलं की मावशी म्हणायच्या, "ऐकलंस?" मी म्हणायचे, "ऐकलं." एवढंच.

बुवा मूळचे एकोडीचे, शेतकऱ्याच्या घरातले, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आता ते पार कलकत्त्यापर्यंत गायचे. जवळून ऐकायला मिळतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्यातून मावशींच्या यजमानांची निवृत्ती जवळ आली होती. ते दोघं कायमचे मुलाकडे इंदूरला जाणार होते.

"मी येणार," मावशी म्हणाल्या. "बैलगाडीत बसवा, नाहीतर चालत न्या."

शेवटी आम्ही गेलो ट्रकमधून.

रविवारी सकाळी पहिल्या बसने भंडारा गाठलं आणि तिथून साकोलीची बस धरली. कधी जाणार असाल तर डाव्या खिडकीशी बसा. कारध्याचा पूल ओलांडताना वैनगंगा दिसते. हिवाळ्याच्या तोंडाला पाणी निवळलेलं असतं, मधे वाळूची बेटं उघडी पडलेली असतात. पलीकडे गेलं की धान सुरू होतं आणि मग संपतच नाही. मी द्राक्षांच्या मुलखातली. शेताला चहूबाजूंनी बांध घालून त्याची पाण्याची वाटी करतात आणि तिला बांधी म्हणतात, हे मला मधुकरने त्या खिडकीतच शिकवलं. कापणी झाली होती. कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे विळ्याच्या एकेका फटक्याच्या मुठी, बांध्यांमध्ये ओळीने वाळत पडल्या होत्या. ऊन असतं तर सोन्यासारखं दिसलं असतं सगळं. पण ऊन नव्हतं. लाखनी मागे पडेपर्यंत आभाळ पार भरून आलं.

साकोलीला उतरून आलुबोंडे आणि चहा घेतला. (भाडं, चहाचे दर वगैरे तेव्हाचे सांगून आज काही उपयोग नाही, पण आलुबोंडा अजूनही खावा, तर्रीसकट.) एकोडीची बस थेट संध्याकाळी होती. मधुकरने स्टँडबाहेर उभा असलेला राईस मिलचा एक ट्रक गाठला. ड्रायव्हर तिकडेच निघाला होता. मावशींना त्याने केबिनमध्ये चढवलं, मी त्यांच्याजवळ, आणि मधुकर मागे रिकाम्या पोत्यांवर.

"कोणाकडं चालले, माय?" ड्रायव्हरने मावशींना विचारलं.

"हरिबुवांचं गाणं ऐकायला."

त्याने काचेतून वर बघितलं. "आज? आज कोण ऐकन जी गाणं? पाणी येऊन राहिलं. साऱ्याचं धान उघड्यावर पडून आहे."

त्याचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं नाही. कळलं ते एकोडीच्या शाळेत पोचल्यावर.

पटांगणात निंबाच्या झाडाखाली मोठी सतरंजी अंथरलेली. तिच्यावर गवसणीतून काढलेला तानपुरा. तबलजी हातोडीने तबला ठोकून बघत होते. आणि त्यांच्या शेजारी, पांढरं धोतर, राखाडी जाकीट, मांडीवर हात ठेवून शांत बसलेले हरिबुवा. ज्यांचा आवाज मी अंगणात उभी राहून ऐकायचे तो माणूस माझ्यापासून चार हातांवर! त्यांचे पाय अनवाणी होते आणि टाचांना भेगा होत्या. मला त्याचं फार नवल वाटलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

ऐकायला मात्र कुणीच नव्हतं. भंडाऱ्याहून आलेली तीन-चार रसिक मंडळी, आम्ही, आणि शाळेचे हेडमास्तर. अख्खं गाव रिकामं. रस्त्यावरून एक बाई डोक्यावर दोरांचं वेटोळं घेऊन पळत गेली. तिने आमच्याकडे बघितलंही नाही.

हेडमास्तर अगदी कानकोंडे झाले होते. "बुवा, माफ करा. सकाळपासून आभाळ आलं अन् सारे बांध्यांत गेले. कडपा भिजल्या तर धान काळं पडते, कोंब येते. कोणाले बोलवू?"

बुवा हसले. "मास्तर, मले काय सांगता? मी इथलाच आहो." मग आभाळाकडे बघत त्यांनी विचारलं, "आमचा भाऊ कुठं आहे?"

"तुकारामजी? तेही तिकडंच. बोडीमागच्या शेतात. पोरं दोघंही बाहेरगावी, नवरा-बायको दोघंच आहेत."

बुवा उठले. जाकीट काढून त्यांनी घडी करून तानपुऱ्याजवळ ठेवलं आणि धोतराचा काचा मारला. ते काय करणार हे आमच्या आधी तबलजींच्या लक्षात आलं.

"बुवा, परवा नागपूरची मैफल आहे. धानाची धूळ घशात गेली तर आवाज बसेल. तुम्हाला सोसत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," बुवा म्हणाले आणि चालू लागले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मावशींनी पदर खोचला. "चला की," त्या म्हणाल्या. "इथं बसून काय सतरंजी ऐकायची?"

गावाबाहेर छोटा तलाव आहे, त्याला तिकडे बोडी म्हणतात. तिच्या पाळीवरून उतरलो आणि मी जागीच थांबले. नजर जाईल तिथवर माणसं वाकलेली. बाया, म्हातारे, नव्या नवऱ्या. कुणी कडपा गोळा करतंय, कुणी भारे बांधतंय, कुणी ते डोक्यावर घेऊन धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, पळतंय, आणि खळ्यावर त्यांचे गोल ढीग रचले जातायत. त्या ढिगाला पुंजणं म्हणतात. कणसं आत, दांडे बाहेर, म्हणजे पाऊस आला तरी दाणा कोरडा राहतो. वर काळंनिळं आभाळ आणि खाली ही सगळी धावपळ, पण आरडाओरडा कुठेच नाही.

बुवांनी पहिला भारा उचलला तेव्हा तुकारामजींनी वळून बघितलं. धाकट्यापेक्षा वाळके, पण चेहरा तोच.

"तू कायले आला इकडं? तिकडं गाणं आहे ना तुहं?"

"ऐकाले कोणी नाही तिकडं. सारे इथंच आहेत."

"धूळ लागन. जा, बैस पाळीवर."

"दोर दे, भाऊ."

तुकारामजींनी दोर फेकला.

दुपारभर आम्ही ते काम केलं. मधुकरला सवय होती, तो भारे वाहायला लागला. मला वहिनींनी, म्हणजे तुकारामजींच्या बायकोने, कडपा कशा उचलायच्या ते दाखवलं. "अशा नाही बाई, दाणे झडतेत. लेकरू उचलते तसं, दोन्ही हातांनी." धानाचं पान कागदासारखं कापतं. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले आणि मानेला खाज सुटली. मावशी घागरीतून साऱ्यांना पाणी देत फिरत होत्या. भंडाऱ्याचे रसिकही उतरले होते, एकाने तर चष्मा काढून खिशात घातला. तबलजी थोडा वेळ पाळीवर बसून राहिले, मग तेही हातांना फडकी गुंडाळून आले.

बुवांनी नाकाला उपरणं बांधलं होतं, पण भारा डोक्यावर घेतला की ते घसरायचं. ते खोकत होते. दर खोकल्याला मावशी माझ्याकडे बघायच्या. मी पुढची कडप उचलायचे. ज्या आवाजासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो, तो आमच्या डोळ्यांदेखत धुळीत चालला होता, आणि त्याला अडवावं असंही वाटत नव्हतं.

दिवस कलला तेव्हा शेवटचं पुंजणं उभं राहिलं. आजूबाजूच्या खळ्यांवरचीही कामं उरकत आली होती. तुकारामजी ताडपत्रीवर दगड ठेवत होते. बुवा खाली तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर बसले आणि तबलजींना म्हणाले, "तानपुरा आणा इथं."

आवाज फाटलेला होता. नुसतं बोलतानाही.

शाळेतून तानपुरा आणि तबला आला. कुणीही बोलावलं नव्हतं, तरी शेजारच्या खळ्यांवरून माणसं येऊन बसू लागली. घामेजलेली, केसांत काड्या अडकलेली. एका बाईने कंदील लावून ठेवला. हवा पडली होती, पान हलत नव्हतं.

बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि तो लागला नाही. मधेच चिरला. मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला की कापलेली जागा झोंबली. बुवा थांबले. घोटभर पाणी प्यायले. मग त्यांनी तानपुऱ्याच्या खुंट्या पिळून तारा उतरवल्या, बऱ्याच खाली, आणि पुन्हा सुरू केलं.

या वेळी आला तो आवाज रेडिओवर मी कधीच ऐकला नव्हता. खूप खालचा, जाडसर, खरखरीत. मारवा होता, असं मावशींनी नंतर सांगितलं. मला तेव्हा नावाची आठवण झाली नाही. स्वर कुठून सुरू होतो तेही कळत नव्हतं. आधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग त्यातून स्वर वर यायचा, आणि तो विरला की पुन्हा श्वास. घशातली खरखर ते लपवत नव्हते. तान नाही, चढाओढ नाही. एका स्वरावर ते इतका वेळ थांबत की आपलाही श्वास तिथंच थांबायचा. कंदिलाच्या वातीची चरचर ऐकू येत होती आणि बोडीत कुठंतरी पाणकोंबडी ओरडली तेही. इतकी माणसं बसली होती, पण कुणी खोकलंही नाही.

मग बुवांनी मारवा सोडला आणि काहीतरी साधंच गुणगुणले:

"ढग उतरला बोडीत, माय रोवते धान..."

मागून वहिनींचा आवाज आला. पुढची ओळ त्यांनी उचलली होती. रोवणीच्या वेळी बाया चिखलात ओळीने उभ्या राहून गातात त्यातलं ते गाणं. मग दुसरी बाई, मग सगळ्याच. त्यांचा स्वर बुवांच्या स्वरापेक्षा उंच होता. बुवांनी तानपुरा बाजूला ठेवला, हाताने तबला थांबवला आणि त्यांच्या स्वरात स्वर मिसळायला बघू लागले. वर पोचता येत नव्हतं. तिथं ते थांबायचे, बाया पुढे जायच्या, आणि परत खाली आल्या की बुवा त्यांना येऊन मिळायचे. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. असं समाधान मी फार थोड्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

तुकारामजी अजून पाठमोरे, ताडपत्रीची टोकं खोचत होते. केव्हातरी त्यांचे हात थांबले. ते तिथंच पुंजण्याला टेकून खाली बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसत राहिले.

गाणं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. पहिला थेंब कंदिलाच्या काचेवर पडून चर्रकन वाजला.

"भात झाला असन," तुकारामजी उठत म्हणाले. "चला सारे, जेवाले." आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला उठवलं.

त्यांच्याच ओसरीवर जेवलो. गरम भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. बुवांना आता बोलताही येत नव्हतं. वहिनींनी दिलेलं हळदीचं पाणी पीत ते खुणांनी अजून भात मागत होते. मावशींना त्यांच्याशी किती काय बोलायचं होतं, वाटेत त्या वाक्यं जुळवत आल्या होत्या. पण त्या फक्त बुवांच्या पानाशी गेल्या आणि भात वाढून परत आल्या.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी बांध्यांत पाणी चकाकत होतं. वहिनींनी ताडपत्री उचलून पुंजण्यात खांद्यापर्यंत हात घातला, आतली मूठभर कणसं ओढून काढली, हुंगली आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कोरडं आहे." पलीकडच्या दोन-तीन शेतांतल्या कडपा मात्र भिजल्या होत्या. तुकारामजी दोर घेऊन तिकडे निघाले होते.

आम्ही सोमवारी दुपारी घरी पोचलो. नागपूरची मैफल झाली नाही, हे त्याच आठवड्यात कळलं. बुवांना बरेच दिवस मौन धरावं लागलं होतं. पुढे ते पुन्हा गायले, पण ऐकणारे म्हणत की वरचा स्वर पूर्वीसारखा राहिला नाही. मावशी ठरल्याप्रमाणे इंदूरला गेल्या. जाताना स्टेशनवर त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले. ओरखडे केव्हाच गेले होते.

त्यानंतर मी पुष्कळ मैफली ऐकल्या. मोठ्या सभागृहांत, पुढच्या रांगेत बसून. गाणारा येऊन बसतो, तानपुरे जुळतात, दिवे मंद होतात, आणि मी आधी भरलेल्या खुर्च्यांकडे बघते. मग वाटतं, जे आज इथं येऊ शकले नाहीत ते या घडीला कुठे वाकलेले असतील?

तुम्ही एकोडीला गेलात तर दिवाळीनंतर जा. साकोलीहून आता रस्ता चांगला आहे, बोडीही आहे. आभाळ भरून आलेलं असेल आणि खळ्यावर कुणी दिसलं, तर फोटो नंतर काढा. आधी विचारा, दोर कुठे आहे.