आफ्रिकेला निघालेली होडी

एकोणीसशे साठच्या सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर तो मला रोज दिसायचा. बोटीवरची नोकरी संपवून परतलेला खलाशी. स्वतःच्या शिडाच्या होडीतून एकटाच आफ्रिकेला जायची तयारी करत होता. त्याला एका जागी बसवत नसे. बांधलेली गाठ सोडी, पुन्हा बांधी, मध्येच उठून वारा पाही.

"घरात जीव रमणा नाय, मास्तर. जमीन हलणा नाय, ताच सोसणा नाय," तो मला म्हणाला होता.

निघायच्या सकाळी त्याची बायको गाठोडं घेऊन आली आणि सरळ होडीत चढली.

"तू खंय गो?" तो ओरडला.

"जल्मभर तुमची वाट बघलंय. आता बघूचंय नाय."

तिचीही तगमग मला तेव्हाच कळली, बहुधा त्यालाही. त्याने तांदळाचं पोतं सरकवून तिला जागा करून दिली.