काकूचे वाकडे टाके

आमचे काका शिंपी. चाळीस वर्षं टाचण्या ओठांत धरूनच कपडे बेतायची सवय, त्यामुळे साथीत मास्क लावणं त्यांच्या जिवावर यायचं. टाचणी हवी, की मास्क हनुवटीवर! काकू खवळली. तिने इवलीशी उशी शिवली, टाचण्या तिच्यात खोचल्या आणि ती काकांच्या मनगटाला बांधली. "आता मास्क खाली आला तर बघा!"

"टाके वाकडे आलेत," काका धुसफुसले. पण मास्क नाकावर राहिला.

महिन्याभरात त्यांनाच साथीने गाठलं. दुकानात त्यांना खेटून शिवणाऱ्या सहाजणी! आम्ही लगेच सगळ्यांची तपासणी करून घेतली. आज तपासणीचे निकाल आले आणि मी धावतच सुटलो. काकांना वेगळं ठेवलेल्या खोलीच्या खिडकीबाहेरून ओरडलो, "काका, सहाच्या सहा ठणठणीत! एकीलाही लागण नाही!"

आतून काका डोळे पुसत म्हणाले, "काकूला सांग, टाके सरळच होते."