उजेड डावीकडून

अण्णा नगरातल्या त्या ऑफिसात मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. तेवढ्यात माझा एक तरी तक्ता पास व्हायला हवा होता, नाहीतर मी पुन्हा आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टरमध्ये, नवरा फॅक्टरीतून येईपर्यंत भिंतींशी बोलत. तमिळ मला येत नव्हतं आणि गप्प बसणं त्याहूनही येत नव्हतं. ही नोकरी मी सुटू देणार नव्हते.

आम्ही ओरगडमच्या कारखान्यांसाठी तक्ते काढायचो. कुठला भाग कुठे बसवायचा, हे चित्र पाहूनच कळलं पाहिजे. कामगार वेगवेगळ्या भाषांचे, त्यामुळे तक्त्यावर अक्षर नसायचं. छापण्याआधी एक रीत होती. ते काम कधीच न केलेल्या कामगारापुढे तक्ता ठेवायचा आणि आपण तोंड बंद ठेवायचं. त्याने भाग बरोबर बसवला की तक्ता पास.

माझ्या वाट्याला एक झाकण आलं. त्यावर चार गोल उंचवटे, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. प्रत्येकावर रबरी टोपी चढवायची. सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडीची सोय नुकतीच आली होती. बटण दाबलं की सपाट वर्तुळ फुगून वर यायचं, पण त्याचे इतके बारीक तुकडे पडायचे की प्रिंटर मान टाकायचा. म्हणून मी हातानेच केलं. उजेड वरून, डावीकडून येतो असं धरून पांढऱ्यापासून गडद करड्यापर्यंत रंग उतरवत नेला. डावीकडचे दोन उंचवटे असे वर आले की चिमटीत धरावेत. मग मी हुशारी केली. तोच अर्धा भाग कॉपी केला, अर्धा फेरा फिरवला आणि उजवीकडे जोडून दिला. दोन दिवस वाचले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

कारखान्यात चाळिशीची एक बाई तक्त्यापुढे बसली. समोर दोन ट्रे होते, एकात टोप्या, दुसऱ्यात चकवा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या, भोकात बसणाऱ्या पिना. डावीकडच्या दोन टोप्या तिने पटकन चढवल्या. मग तक्त्याकडे पाहिलं आणि दोन पिना उचलल्या. झाकणाच्या उजव्या बाजूला ती बोटाने भोकं शोधू लागली. सापडेनात, तेव्हा तिने झाकण पालथं करून मागची बाजूही चाचपली. आजूबाजूच्या बायका हसल्या. ती ओशाळली.

बाहेर आल्याबरोबर मी भडकले. "तिला चित्रच कळत नाही," मी सोबत आलेल्या आमच्या साहेबांना म्हणाले. साहेब तंजावरच्या मराठी घराण्यातले. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिल्याने त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळच्या चालीत बोललेली. त्यांनी तक्त्याची मधोमध घडी घातली आणि फक्त उजवा भाग माझ्यापुढे धरला.

"हें काय दिसतें, अम्मा?"

मी पाहिलं. "खड्डे."

त्यांनी तोच भाग वरची बाजू खाली करून धरला. "आतां?"

"उंचवटे."

"झाकणासंगें उजेडहि फिरवलांत तुम्ही. सरि, बरें. शुक्रवारीं पुन्हा येऊं."

माझे तीन महिने त्याच शुक्रवारी संपत होते. चूक माझी आणि बोल मी त्या बाईला लावला, याची मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर खिडकीपाशी दोन वाट्या ठेवल्या, एक उपडी, एक सुलटी. उजेड डावीकडून येत होता. उपडी वाटी डावीकडे चमकत होती, सुलटी आतून उजवीकडे. चहा वाटीतच पिणारा नवरा एकही वाटी मोकळी नाही म्हणून कुरकुरला. त्याला म्हटलं, आज पेल्यात घे. ऑफिसात गेल्यावर उजवा भाग पुसून टाकला. प्रत्येक उंचवटा त्याच्या त्याच्या जागेवर नव्याने काढला. एक रेघही कॉपी केली नाही. गुरुवारी संध्याकाळी तक्ता चारी बाजूंनी फिरवून पाहिला, तेव्हा कुठे घरी गेले.

शुक्रवारी दुसरा कामगार होता, दोरीचा चष्मा लावणारा. त्याने तक्ता एकदा पाहिला, चार टोप्या चढवल्या आणि पुढच्या झाकणासाठी हात पुढे केला. माझ्याकडे पाहिलंही नाही. इतका आनंद मला कुणाच्या शाबासकीने झाला नसता.

मग तक्ता घेऊन मी त्या बाईकडे गेले. साहेबांकडून माफीचा एक तमिळ शब्द पाठ करून घेतला होता, तो म्हटला. तिने उजवीकडच्या उंचवट्यांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने काहीतरी विचारलं. मी साहेबांकडे वळले.

"विचारते," साहेब म्हणाले, "या खेपेस मागल्या बाजूसहि पाहायचें का?"

मी मान हलवून नको म्हटलं. तेव्हा ती हसली, आणि सोमवारी मी कामावर गेले.