मोटर कोणी सुरू केली?

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण नरखेड तालुक्यातल्या त्या विहिरीचा तपास काल केल्यासारखा लख्ख आठवतो. निवृत्ती जवळ आली होती आणि नागपूर ग्रामीणमधल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी आटोपली, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. "साहेब, एक जण मोटर साफ कराले विहिरीत उतरला होता. त्याच्या चुलतभावानं वरून मोटर चालू केली. मी त्याले पळताना पाह्यलं. विहिरीवरून भांडण हाय त्याईचं." एवढे बोलून, गावाचे नाव सांगून त्याने फोन ठेवला.

आम्ही पोहोचेपर्यंत जखमीला नागपूरला हलवले होते. दोघा चुलतभावांतला तो थोरला. पाण्यातल्या मोटरभोवती शेवाळ अडकले म्हणून तो उतरला, मोटर सुरू झाली, झिजलेल्या केबलमधून करंट पाण्यात आला आणि तो दगडी पायऱ्यांवर आदळला. कमरेचे हाड मोडले होते, शुद्ध नव्हती.

धाकटा घरीच सापडला. पळून जायचा त्याने प्रयत्नही केला नव्हता. ठाण्यात आणून समोर बसवले आणि विचारले, "मोटर कोणी चालू केली?"

"माह्याच हातानं झालं, साहेब."

इतक्या सहज दिलेली कबुली मला नेहमीच खटकते. ज्याने हाताने काही केलेले असते तो आधी कारणे सांगतो, समोरच्याला दोष देतो, पाणी मागतो. हा नुसता खाली बघत होता.

"कसं केलं ते सांग. कोणतं बटन दाबलं?"

तो पुन्हा तेच वाक्य बोलला. चहा मागवला, तर त्याने कप डाव्या हाताने उचलला. उजव्या हाताची बोटे भाजून फुगली होती.

"हे कशानं झालं?"

"काही नाही, साहेब."

पंचनाम्यासाठी पुन्हा विहिरीवर गेलो. स्टार्टर लोखंडी पेटीत होता, पेटीला कुलूप होते आणि किल्ली थोरल्याच्या बायकोच्या कमरेला. त्या बाईंनी ती मला काढून दाखवली आणि म्हणाल्या, "किल्ली माह्याजवळच होती, साहेब. भाऊजीले उगाच काहून नेलं?" ज्यांचा नवरा इस्पितळात पडला आहे, त्याच बाई संशयिताची बाजू घेत होत्या. हे मी मनात नोंदवले.

तिथून बांधाच्या टोकाला विजेची डीपी, म्हणजे शिवाराच्या फ्यूजांची पेटी होती. गावचा वायरमन तिथेच भेटला. त्याने सांगितले, "सकाळी पूर्ण शिवाराची लाइन गेली म्हणून मी आलो, तर तिन्ही फ्यूज कोणीतरी उपटून गवतात फेकून दिले होते."

ठाण्यात परतलो आणि धाकट्याला एवढेच म्हटले, "तू विहिरीपासून पळाला नव्हता. डीपीकडे पळाला होता. फ्यूज तू उपटले."

तेव्हा तो रडला. "दादाची किंकाळी आली, साहेब. दुसरं काही सुचलंच नाही."

"मग माझ्या हातानं झालं असं काहून म्हणाला?"

"मोटर चालवणारं ते मशीन गावात मीच आणलं. दादा नाही म्हणत होता. त्यावरूनच आमचं भांडण झालं होतं."

ते मशीन म्हणजे एक एआय एजंट, स्वतः निर्णय घेणारा प्रोग्रॅम. जमिनीतली ओल, हवामान आणि थ्री-फेज लाइन कधी येणार हे पाहून तो मोटरी चालू-बंद करायचा. आसपासच्या गावांतल्या बागायतदारांनी गट करून तो बसवला होता. हे माझ्यासाठी नवीनच होते. बनवणाऱ्या मुलीचा पत्ता नागपूरच्या बेसा भागातला निघाला. जीप काढायच्या आधी ती स्वतःच वडिलांना घेऊन ठाण्यात आली. वडील निवृत्त कारकून. बाकावर अंग चोरून बसले होते.

"सर, मोटर माझ्या एजंटने सुरू केली," ती म्हणाली. तिने लॅपटॉप उघडून सगळे समजावले. थोरल्याने उतरण्याआधी फोनवरून 'मोटर बंद ठेव' असा निरोप दिला होता. पण हा एजंट एका संगणकावर चालत नव्हता. ठिकठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या संगणकांवर तो चाले, आणि प्रत्येक निरोप त्यांतल्या पुरेशा संगणकांनी तपासून ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नोंदवहीत चढवला की मगच लागू होई. त्या दिवशी तिथे निरोपांची गर्दी झाली. हा निरोप रांगेत थांबला, इकडे लाइन आली, आणि एजंटने आदल्या हुकमाप्रमाणे मोटर लावली.

"मग आधी ते बंद करा," मी म्हणालो. "बाकीच्या विहिरींत माणसं उतरत असतील."

"मला एकटीला ते बंद करता येत नाही, सर."

माझा आवाज चढला. "तुम्ही बनवलं ना?"

"हो. पण आधी ज्या कंपनीकडून बागायतदारांनी सेवा घेतली होती, तिने ऐन बहारात ती बंद केली होती. म्हणून सगळ्यांनीच अट घातली की कोणा एकाला हे बंद करता येऊ नये. निम्म्याहून जास्त सभासदांनी आपापल्या फोनवरून संमती दिली, तरच ते थांबतं." तिने लॅपटॉप मिटला. "मला तेव्हा ते फार चांगलं वाटलं होतं."

वायरमन पाठवून जिथे जमेल तिथे पेट्यांच्या वायरी सोडवून घेतल्या. पण बागा थेट काटोलपर्यंत पसरलेल्या, आणि सगळ्यांशी संपर्क होत नव्हता. मुलीला घेऊन मी गावात सभा घेतली. लोक ऐकून घेत, माना हलवत, पण फोन खिशातून काढत नव्हते. झाडावर फळ होते, पाण्याची पाळी चुकवायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "ज्याले लागलं, त्यानं आधी सांगावं. मंग आमी देतो."

थोरला शुद्धीवर आल्याचा निरोप मिळाला तसे आम्ही नागपूर गाठले. धाकट्याला मी सोडले होते आणि तो आमच्या जीपमध्येच होता. वॉर्डाच्या दारापाशी मात्र त्याचे पाय अडले. मी आणि मुलगी आत गेलो. तिने हात जोडले आणि ती रडू लागली. मी थोडक्यात हकीगत सांगितली आणि संमती मागितली.

सगळे ऐकून तो म्हणाला, "माह्या भावाले धरलं म्हणते. आधी त्याले सोडा."

"सोडलं. बाहेर उभा आहे."

"मंग आत काहून येऊन नाही राहिला?"

मी दार उघडले. धाकटा आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबला. थोरल्याने त्याच्या बँडेज बांधलेल्या बोटांकडे पाहिले. "फ्यूज हातानं उपटले का गा तू? मेला असता ना बह्याडा!" मग मुलीकडे वळून म्हणाला, "रडू नको, बाई. कुठं अंगठा लावू ते दाखव."

धाकट्याने डाव्या हातात फोन धरला आणि थोरल्याने अंगठा टेकवला. ही बातमी आमच्याआधी गावात पोहोचली. संध्याकाळपर्यंत पुरेशा संमती जमल्या आणि एजंट थांबला. त्या हंगामात सगळ्यांनी पाळ्या लावून, हाताने मोटरी चालवून पाणी दिले.

मुलीवर निष्काळजीपणाचा गुन्हा मला दाखल करावा लागला. तिने जबाबातला एकही शब्द फिरवला नाही. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. एवढेच सांगतो की थोरला अजून तिची विचारपूस करतो.

आयुष्यभर मी 'कोणी केलं' हा एकच प्रश्न विचारत आलो. इथे ज्याने केले त्याला ना अपराध कळत होता, ना पश्चात्ताप. आणि ज्या दोघांनी बटन दाबले नव्हते, ते दोघेही दोष अंगावर घ्यायला आपण होऊन पुढे आले. यंत्राचा मालक कोणीच नसला, तरी त्याच्या चुकीचे ओझे शेवटी कोणातरी माणसालाच उचलावे लागते. ते उचलणारा माणूस समोर आला तर पोलिसाने त्याच्याशी नीट वागावे, हे मला या प्रकरणाने शिकवले.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. थोरला काठी टेकत विहिरीपाशी बसला होता, खाली धाकटा मोटर साफ करत होता. मी हाक मारली. थोरल्याने हात वर केला, पण नजर विहिरीतून काढली नाही.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "तो वर आला का मंग बोलू."