बाबली मेस्त्रीचा अंगठा

शिरोड्याचा बाबली मेस्त्री आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे तो गणपतीच्या शाळेत रमला. मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. त्याच्या प्रत्येक मूर्तीमागे, खाली, रंग न दिलेल्या मातीत त्याच्या अंगठ्याचा ठसा असतो. ठसा दिसला की लोक समजतात, ही मातीची, बाबलीच्या हातची. ट्रकातून आलेली प्लास्टरची नव्हे. गेल्या चतुर्थीआधी त्याच अंगठ्याने त्याची झोप उडवली.

त्याची नात अक्षया सावंतवाडीला मोबाईलच्या दुकानात आहे. आज्याचा फोन अंगठ्याने उघडेल असा तिनेच करून दिलेला. बँकसुद्धा त्यातच. त्या दिवशी मीही शाळेत होतो; ती आली आणि मूर्तीमागचा ठसा बघत राहिली. मग म्हणाली, गंमत दाखवते. ठशात फेविकॉल ओतला, दुपारी सुकलेली पापडी सोलली, आपल्या बोटाला लावून फोनवर टेकवली. उघडला नाही. पुन्हा टेकवली. नाही.

"बघ, माका वळाखता तो!" बाबली हसला.

तिने पापडीवर तोंडाची वाफ सोडली. तिसऱ्या खेपेला फोन उघडला.

"आज्या, पासवर्ड चोरीक गेलो तर नवो घालूक येता," अक्षया म्हणाली. "अंगठो खंयसून नवो हाडतलस?"

"मगे दुसरां बोट लाव," मी म्हटलं.

"खंयचां रे? दहाय बोटां लोकांच्या गणपतीर उमटलेली आसत!" बाबली म्हणाला.

मी हसलो, तो नाही. ओलं फडकं घेऊन एकेक ठसा पुसत सुटला. एक्केचाळीस मूर्ती.

दुसऱ्या दिवशी दर वर्षी त्याच्याकडूनच गणपती नेणाऱ्या सरलावहिनी आल्या. त्यांनी मूर्ती मागून पाहिली. "मेस्त्र्यांनू, अंगठो खंय? ट्रकातलो हाडलात काय?" बोलल्या चेष्टेत, पण मूर्तीला हात लावीनात. पन्नास वर्षांत बाबलीला कोणी असं विचारलं नव्हतं. त्याने पुसल्या जागी ओल्या मातीची चकती लावली आणि अंगठा दाबला. मग उरलेल्या चाळीसांनाही.

"माजो अंगठो लोकांचो," तो अक्षयाला म्हणाला. "फोनातून काढ तो. आकडे घाल."

सहा आकडे. जन्मसाल नको, घरनंबर नको, लिहून ठेवायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, असं अक्षयाने बजावलं. बाहत्तराव्या वर्षी हे! महिन्याभरात विसरला. फोन पुसून नव्याने करावा लागला. पन्नास-साठ मूर्तींचे फोटो गेले. तेव्हापासून दिवसभर पुटपुटत असतो. माती मळतानाही लक्ष आकड्यांत. यंदा एका मूर्तीचा कान उलटा बसला.

परवा मी मागून गेलो. मला पाहताच तोंड मिटलं.

"माझ्यापासून लपवतंस?"

"तुका सांगलंय तर अख्ख्या शिरोड्यात गोष्ट करून सांगतलस, मेल्या."

खरंच होतं ते. पण एरवी असं बोलताना तो हसतो. मी फाटकाबाहेर येऊन वळून पाहिलं. ओठ हलत होते. चौथ्या-पाचव्या आकड्याशी अडले असावेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.