लोह्याची अक्का आणि समुद्रातला भोवरा

भाचीचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होऊन गेला. पण अक्का आठवली, की रडू यायच्या आधी तिचा चढलेला आवाजच कानात येतो.

माझी थोरली बहीण. आम्ही नांदेडजवळच्या लोहा गावच्या, समुद्र आमच्यापासून अख्खा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. अक्कानं तो पाहिला थेट एम.एस्सी.ला गेल्यावर, आणि मग त्यालाच चिकटली. किनाऱ्याजवळचं पाणी कुठं वाहतं, कुठं गरगरतं, तळातून वर कुठं येतं, हे मोजणं तिचं काम. दादा, आमचे वडील, हसायचे, "हितं विहिरीतलं वर येईना, अन् ही समुद्रातलं मोजून राहिली!"

एकदा हट्टानं तिनं मला कोकणात बोटीवर नेलं. आदल्या दिवशी तिच्या गटानं पाण्यावर तरंगणारी, उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी यंत्रं सोडली होती. बाकी सगळी दक्षिणेला वाहत गेली. एक मात्र सोडलं तिथंच परतलेलं पडद्यावर दिसत होतं. "बिघडलंय," सोबतचे सर म्हणाले. वारा वाढत होता, बोट चालवणारा तांडेल ती माघारी वळवायला लागला. अक्का ताडकन उठली. "बिघडलं न्हाई सर! पाणीच फिरून राहिलंय तिथं. भोवरा हाय!" एरवी कामात ती पुस्तकी बोलायची, आनंदात मात्र लोहा बाहेर पडायचं... तांडेलानं तिच्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, आणि बोट तिकडं घातली.

मी उलट्यांनी बेजार. दोरीनं तापमापक खाली जात होता, आणि सर आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. भोवऱ्याच्या मधोमध पाणी आजूबाजूपेक्षा गार होतं. अक्कानं बादली भरून वर ओढली आणि माझा हात धरून आत घातला. "बघ! लई खोलातून वर आलंय हे. गार हाय का न्हाई?"

"हाव अक्का, गार हाय!" मी उलट्या विसरून ओरडले. मग सरांनीही बाह्या वर केल्या. त्या भोवऱ्यावर पुढं ती वर्षानुवर्षं काम करत राहिली.

आजारपणात बोटीवर जाणं सुटलं, तेव्हा ती माझ्याकडं यायची. आम्ही मुरमुऱ्यांचा पुडा घेऊन गोदावरीच्या घाटावर बसायचो. निम्मे खायचे, निम्मे पाण्यात सोडायचे, आणि कुठं जातात ते बघायचं.

परवा एकटीच गेले. मूठभर सोडले. बरेचसे वाहून गेले. थोडे पायरीच्या कोपऱ्याशी थबकले, वळले, आणि चक्क प्रवाहाच्या उलट माझ्याकडं यायला लागले. "अक्का, फिरले बघ!" मी मोठ्यानं ओरडले. शेजारी धुणं धुणारी बाई हातातलं टाकून उठली.

"कुठं वो बाई?"

मी बोट दाखवलं. मग आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.